बारके कांदे

"कसं झालंय?" दक्षाने विचारलं आणि मिथुनचा घास हातातच राहिला. प्रश्न साधा होता. घरोघरी बायका विचारतात, नवरे हूं म्हणतात, विषय संपतो. पण लग्नाला सतरा वर्षं होऊन गेली तरी या घरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विचारायची गरजच पडत नसे. पहिला घास गिळायच्या आत मिथुनचा निकाल बाहेर पडायचा आणि तो बहुतेक वेळा दक्षाच्या विरुद्ध जायचा. निकाल ऐकला की ती मान खाली घालून आत जायची. आज ती ताट वाढून बाजूला झाली नाही. ओट्याला टेकून, गाऊनला हात पुसत, त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. ताटात मांदेलीचं कालवण होतं, वरून लालभडक, कडेला तेलाचा तवंग. शितल, त्यांची नववीतली मुलगी, भात कालवता कालवता थांबली होती. सापळा आहे हा, मिथुनच्या मनात आलं. तो घाईने म्हणाला, "बरंय." आणि म्हणताक्षणी त्याला कळलं की चुकलं. उभ्या जन्मात त्याने कालवणाला बरंय म्हटलं नव्हतं. वा म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. ताट सरकवलं असतं तर फारच उत्तम. बरंय हा ज्याला काही कळलेलं नाही त्याचा शब्द. दक्षाने "बरं" एवढंच म्हटलं आणि ती भाताचं पातेलं आणायला वळली.

कळलं नव्हतंच. गेलं वर्षभर मिथुनला कशाचाही वास येत नव्हता, आणि ही गोष्ट त्याने जगात कुणालाही सांगितली नव्हती. दोन हजार सतराच्या पावसाळ्यात, तलासरीच्या फुग्यांच्या कारखान्यातून सरावलीला घरी येताना, आशागडच्या अलीकडे खड्ड्यात गाडी उडाली आणि तो मागच्या मागे डोक्यावर आपटला. रक्ताचा थेंब नाही. वापीच्या डॉक्टरने स्कॅन काढून डोकं शाबूत असल्याचा निर्वाळा दिला. नाकाचं त्याने विचारलं नाही, आणि मिथुननेही सांगितलं नाही, कारण तेव्हा त्यालाच ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, पावसात भिजलोय, सर्दी असेल. मग एक दिवस कारखान्यात तुक्या नावाचा कामगार तोंडावर फडकं धरून धावत आला आणि म्हणाला, "शेट, वास नाय येत काय तुमाला? चिकाच्या टाकीचा झाकन उघडा हाय!" मिथुन रबराच्या चिकाच्या त्या टाकीला खेटून उभा होता. अमोनियाने त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, घसा जळत होता आणि नाकात काही म्हणजे काही नव्हतं. त्याने तुक्यालाच चार शिव्या घातल्या, झाकण उघडं ठेवल्याबद्दल. मग संडासात जाऊन त्याने फिनाईलची बाटली नाकाला लावली, साबणाची वडी लावली, शेवटी स्वतःचा घामट शर्ट लावला. नंतर बराच वेळ तो आत कडी लावून उभा राहिला. त्याला भीती वाटली होती, लहान मुलाला गर्दीत हात सुटल्यावर वाटते तशी.

दुसरा कुणी असता तर घरी येऊन म्हणाला असता, अगं, माझं नाक गेलं. पण मिथुनचं नाक म्हणजे काही साधंसुधं नाक नव्हतं. त्या नाकावर आणि त्या जिभेवर त्याचा अख्खा संसार उभा होता. नात्यात कुठे लग्न निघालं की आचारी पळीभर रस्सा वाटीत घेऊन मिथुनकडे यायचा आणि मिथुन मांडवातल्या खुर्चीवर पाय पसरून, डोळे मिटून सांगायचा, खोबरं करपलंय. लोक हसायचे, पण मानायचे. थोरली बहीण संगिता लहानपणापासून म्हणायची, हा नाकाने कांदे सोलतो, आणि त्यात कौतुकच जास्त असायचं. याला कारण त्यांची आई, जिजा. ती गंजाडची. तिच्या माहेरी शेताच्या कडेला लहान लहान कांदे व्हायचे, बोटाच्या पेराएवढे, एका देठाला तीन-चार चिकटलेले, गुलाबी सालीचे. घरात त्यांना बारके म्हणायचे. सासरी सरावलीला समुद्र जवळ, मासळी रोजची. जिजाने माहेरचे बारके आणून सासरच्या मासळीत घातले आणि त्या कालवणाने सासू-सासऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडाला चटक लावली. ती बारका सुरीने कापत नसे. पाट्यावर ठेवून वरवंट्याच्या टोकाने एकच दणका द्यायची, फुटला पाहिजे पण सुटला नाही पाहिजे, आणि तसाच लसणीबरोबर तेलात टाकायची. मोठा कांदा रश्शात आला की गोड होतो, दाट होतो, माशाला ढकलून स्वतः पुढे बसतो. बारका आधी तेलात हळूच गोडवा सोडतो, मग चिंचेचा आंबटपणा पोटात घेतो आणि माशाच्या मागे उभा राहतो. असं मिथुन चारचौघांत सांगायचा. सांगायला त्याला फार आवडायचं. सोलायला मात्र त्याने जन्मात एक बारका हातात धरला नव्हता.

सोलायची दक्षा. ती तलासरीच्या डोंगराकडच्या गावातून आलेली. तिच्या घरी भाकरी, उडदाचं बेसन, पावसात खेकडे. मासळीचं कालवण कधीतरी आणि त्यात हाताला येईल तो कांदा. लग्नानंतर महिन्याभरात तिने एकदा मोठा कांदा चिरून घातला आणि मिथुनने पहिल्या घासाला ताट पुढे सरकवलं. फेकलं नाही, सरकवलं, अगदी बोटाने. "यात कांदा मोठा पडलाय." जिजा भिंतीला टेकून बसली होती, तिला लेकाचा अभिमान वाटून हसू आलं. दक्षा उठली, टोपलीतले बारके काढले, पाण्यात भिजत घातले आणि चुलीपुढे बसून एकेक सोलू लागली. बारक्याची साल कागदासारखी पातळ, नखाला चिकटते, बोटांना सुटत नाही. एका कालवणाला मूठ-दोन मुठी लागतात, अर्धा तास मोडतो. तिचे डोळे वाहत होते. कांद्याने की कशाने, ते मिथुनने पाहिलं नाही, त्याला भूक लागली होती. तेव्हापासून दक्षाच्या अंगठ्याच्या नखाची कड कायम काळी. आता हे सगळं आठवताना त्याला वाईट वाटत होतं असं कुणी समजू नये. त्याला त्या दिवसांचा हेवा वाटत होता. ताट बोटाने सरकवायचं आणि अख्खं घर हलायचं, काय दिवस होते ते! आणि आज तीच बाई ओट्याला टेकून त्याला परीक्षेला बसवत होती.

वर्षभर त्याने निभावलं होतं, आणि त्यात अक्कल लागते. मीठ जिभेला कळत होतं, आंबट कळत होतं, तिखट तर भाजतंच. बाकीचं तो डोळ्यांनी चाखायचा. रस्सा काळपट दिसला की मसाला करपलाय म्हणायचं. शितलने दुसऱ्यांदा वाढून घेतलं की आज जमलंय असं धरायचं आणि तरीही काहीतरी खोड काढायची, कारण खोड काढणाऱ्याला कुणी उलट तपासत नाही. हे त्याने पक्कं ओळखलं होतं. आठवड्यातून एकदा मोठ्या कांद्याचा आरोप ठोकून द्यायचा. दक्षा काही बोलायची नाही. ती बोलत नाही म्हणजे आरोप खरा, असा त्याचा हिशेब होता. पण हे करताना जेवण मात्र नाहीसं झालं होतं. तोंडात ओला, गरम, मऊ असा लगदा फिरायचा, त्याला मीठ असायचं, बस्स. कधी रस्सा ओठाला लावून तो आईच्या कालवणाची आठवण काढायचा प्रयत्न करायचा. आठवणीत आई दिसायची, वरवंट्याचा दणका ऐकू यायचा, आणि वास यायचा त्या जागी भिंत असायची. एका रविवारी दुपारी दक्षा आणि शितल बाजारात गेल्या असताना त्याने टोपलीतला एक बारका घेतला, सालीसकट दाताखाली फोडला. जीभ चरचरली, डोळ्यांत पाणी आलं, आणि पुढे काही नाही. त्याने दुसरा फोडला, तिसरा फोडला. मग चोथा कागदात बांधून गच्चीवरून मागच्या वाडीत भिरकावला आणि येऊन चूळ भरली. रडू आलं होतं, पण ते कांद्याचं म्हणून सोडून देता आलं.

कसं झालंय. त्या प्रश्नानंतर त्याला घरात चैन पडेना. कारखान्यात साच्यांवरून फुगे उतरवणाऱ्या बायकांच्या रांगेतून फिरताना तो त्याच दोन शब्दांना उलटसुलट करत राहिला. का विचारलं असेल? तिला काय कळलंय? कळलं असेल तर किती? घरी ती काही दाखवत नव्हती. पूर्वीसारखीच सोलत होती, पूर्वीसारखीच वाढत होती, पण आता तिचं न बोलणं त्याला वेगळं वाटायला लागलं. पूर्वी त्या गप्प बसण्यात धाक होता. आता त्यात काहीतरी दुसरंच होतं आणि त्याला ते ओळखता येईना. शितल आणि ती एकमेकींकडे बघताहेत असं वाटायचं. मध्येच दोघी हसायच्या. त्याला दक्षाचा राग यायला लागला, निव्वळ राग. तिच्या शाबूत नाकाचा राग. सकाळी ती चहात आलं किसून टाकायची आणि क्षणभर वाफेवर वाकायची, ते बघून कप हिसकावून घ्यावा असं त्याला वाटायचं. आपलं काहीतरी हिने चोरून नेलंय आणि आपल्यासमोर बसून मजेत खातेय, असं त्याला मनापासून वाटू लागलं. एकदा नीट दणका द्यायला हवा, त्याने ठरवलं. चारचौघांत, पूर्वीसारखा.

संधी आली. पुढच्या रविवारी संगिता वाणगावहून आली, पिशवीभर ढोबळी मिरची घेऊन. ताई आली की घरात आईचं बोलणं निघतं, मग ओघाने कालवणाचं. दक्षाने पापलेट आणलं होतं. मिथुन सकाळपासून गुप्त पोलिसासारखा वावरत होता. पाणी प्यायच्या निमित्ताने तो दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आला, आणि दुसऱ्या खेपेला त्याला सापडलं. कचऱ्याच्या डब्यात मोठ्या कांद्याची सालं, चांगली जाड, लाल. बारक्यांची एक नाही. पाहुणी येणार, वेळ नाही, म्हणून हिने कंटाळा केला. त्याला इतका आनंद झाला की तो बाहेर येऊन ताईशी उगाचच मामांच्या शेताबद्दल बोलत बसला. मामांशी बांधावरून बिनसलं होतं, आई गेल्यापासून जाणंयेणं नव्हतं, तरी म्हणाला, "काही म्हण, गंजाडचा बारका तो गंजाडचा."

पानं वाढली. संगिताने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "अगं दक्षा," ती म्हणाली, "अगदी आई गं. अगदी आईच्या हातचं."

मिथुनने घास घोळवला. मीठ बेताचं, आंबट बेताचं. त्याने ताटाला बोट लावलं आणि ते हळूच पुढे सरकवलं. "ताई, तुझं आपलं काहीतरीच. कांदा मोठा पडलाय यात. आईने हे कालवण कुत्र्याला घातलं असतं."

संगिताने ताटात पाहिलं, मग भावाकडे. "अरे, असं काय बोलतोस? चव तर..."

"तुला काय कळतंय चवीतलं! माझी जीभ आहे ही. गंजाडचे बारके नाहीत हे."

दक्षा आतून कोशिंबिरीचं भांडं घेऊन आली. तिने ते मधोमध ठेवलं. मोठा कांदा, बारीक चिरून, दह्यात, वर कोथिंबीर. मिथुनने भांड्याकडे बघितलं आणि त्याच्या कानांत गरम वाफ भरली.

"मोठा कांदा हा," दक्षा शांतपणे म्हणाली. "कालवणात बारकेच आहेत. सालं बाल्कनीत आहेत, तिथल्या कुंड्यांना घालते मी." मग ती खाली बसली, त्याच्या समोरच. "पण एक बरोबर बोललात. गंजाडचे नाहीत ते. मामांनी कांदा कधीचाच सोडला, आता शेडमध्ये ढोबळी मिरची असते त्यांच्याकडे. आई गेल्या दोन हजार चौदाला, तेव्हापासून मी मद्रासी कांदा आणते. स्टेशनजवळच्या इडलीवाल्या अण्णाकडून, तो सांबारासाठी पोत्याने मागवतो. त्याच्या गावालाही समुद्र आहे. तो म्हणाला, तिकडे पण माशाच्या कालवणात हेच पडतात. म्हटलं, मग आमच्यात पण चालतील."

"चार वर्षं?" संगिता म्हणाली.

"चार वर्षं. पहिली तीन हे गंजाडचा म्हणून बोटं चाटून खायचे. तेव्हा तर नाक होतं यांना."

शितल म्हणाली, "मम्मी, नको ना."

तेव्हा लग्नाच्या जेवणात एखाद्याने चुकून भलत्याच पंगतीत बसावं तसं मिथुनला वाटलं. सगळ्यांना माहीत होतं. मुलीलाही. तो ओरडला, "काय नाक? काय झालंय माझ्या नाकाला?" आणि आवाज फाटला.

"पडलात त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात कळलं मला," दक्षा म्हणाली. तिच्या आवाजात रागही नव्हता, तेच त्याला सहन होईना. "जवळ्याची बरणी नासली होती. शेजारच्यांनी दारं लावून घेतली, ही पोर ओकत होती, आणि तुम्ही बरणीच्या बाजूला पेपर वाचत बसला होता. मला वाटलं, सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील. तुम्ही तर रोज मोठा कांदा, मोठा कांदा. मी सोलत बसायची आणि तुम्ही म्हणायचे मोठा कांदा. तरी म्हटलं, बोलायला जड जात असेल पुरुषमाणसाला, आपण दार उघडू या. म्हणून त्या दिवशी विचारलं, कसं झालंय. सतरा वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडून विचारलं."

"आणि सांगितलं असतं तर काय केलं असतंस?" हे त्याला टोमणा म्हणून मारायचं होतं. ते तसं बाहेर पडलं नाही.

"तर रोज सांगितलं असतं मी तुम्हाला, कशाचा काय वास येतोय ते."

मिथुनला एक शब्द सुचला असता तर कदाचित सगळं सावरलं असतं. तो शब्द तोंडात आला होतासुद्धा. पण समोर ताई होती, मुलगी होती, सरकवलेलं ताट होतं, आणि ते परत स्वतःकडे ओढून घ्यायला हात उचलावा लागला असता. तो उठला आणि म्हणाला, "माझ्या घरात मला फसवता?" दक्षाने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. मग तिने त्याचं ताट उचललं, त्यातला पापलेटचा तुकडा शितलच्या पानात टाकला आणि संगिताला म्हणाली, "ताई, तुम्ही जेवा, गार होतंय."

भांडण झालं नाही. तो भांडणाची वाट बघत राहिला. भांडण म्हणजे निदान आपल्याला हिशेबात धरलं जातंय असं तरी वाटलं असतं. त्याऐवजी दुसऱ्याच दिवशी त्याच्या ताटात कालवण आलं ते मोठ्या कांद्याचं. लपवाछपवी नाही, चांगल्या रुंद रुंद फोडी रश्शावर तरंगत होत्या. मीठ बरोबर, तिखट बरोबर, वेळेवर, गरम. तो सवयीने म्हणाला, "हा मोठा आहे," आणि दक्षा म्हणाली, "हो. मोठाच आहे." विषय संपला. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच. त्याने एकदा ताट सरकवून पाहिलं. ताट जिथे सरकवलं तिथेच राहिलं. मायलेकी जेवून उठल्या, भांडी घासून झाली, आणि भात वाळायला लागल्यावर त्यानेच ते परत ओढलं. तिच्या अंगठ्याच्या नखाची कड मात्र अजून काळी होती. हे त्याला एक दिवस चहाचा कप घेताना दिसलं, आणि ते का, हे कळायला त्याला त्या दिवशीची संध्याकाळ व्हावी लागली.

तो कामावरून लवकर आला होता. दक्षा खाली पाण्याच्या टँकरपाशी उभी होती. स्वयंपाकघरात त्याचं ताट वाढून झाकून ठेवलेलं होतं, नेहमीसारखं. गॅसवर मागच्या बाजूला एक लहान पातेली होती. त्याने झाकण उचललं. वाफ आली, चेहऱ्याला गरम लागली. आत मांदेली होती, आणि मासळीच्या मधे मधे बारके, वरवंट्याने फोडलेले, फुगून पारदर्शक झालेले, तेलात गुलाबी. एका दणक्यात फुटलेले पण न सुटलेले. सतरा वर्षांत तिचा हात आईइतका सरळ कधी बसला ते त्याला कळलंच नव्हतं. त्याने पातेलीवर तोंड नेलं, अगदी जवळ, नाकाचा शेंडा वाफेने ओला होईपर्यंत, आणि जेवढा ओढता येईल तेवढा श्वास आत ओढला. मग दुसरा ओढला. मग त्याने पळी उचलली.

मागून शितल आली. तिने त्याच्या हातातली पळी घेतली, झाकण परत ठेवलं. ती रागावली नव्हती. शेजारचं लहान मूल चुकून दुसऱ्याच्या घरात शिरावं आणि त्याला हाताला धरून बाहेर आणावं, तितक्या मायेने तिने त्याला बाजूला केलं.

"पप्पा, ते आमचं आहे," ती म्हणाली. "तुमचं वाढून ठेवलंय."